मुशीचं माहेर कुठलं? एकच जात, पण समुद्रागणिक वेगळी

रानजाई
रविवार, रात्री ९.४०

आज सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले होते. पावसाळी मासेमारीची बंदी उठून नारळी पौर्णिमाही झाली, त्यामुळं आवक चांगली आहे. सुरमई-हलव्याच्या शेजारी ओट्यावर मुश्यांचे, म्हणजे लहान शार्कचे, दोन ढीग होते. हातभर लांबीच्या, करड्या पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या, फावड्यासारख्या चपट्या नाकाच्या. ज्यांनी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं त्यांना सांगायला नको, ही आपली स्कोलिओडॉन. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत असताना हिच्याच डोक्यातल्या नसा आम्ही तासन् तास मोकळ्या केल्या, आणि नंतर शिकवायला लागल्यावर मी त्या मुलांकडून करून घेतल्या. तेव्हा जर्नलमध्ये नाव लिहायचो स्कोलिओडॉन सोराकोवा. आता तिला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस म्हणतात.

दोन ढीग वेगळे का, असं मी नेहमीच्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "ही वेरावळची, ही रत्नागिरीची. भाव एक नाही, चव पण एक नाही." चवीचा फरक बर्फाचा असणार हे मला कळतं. वेरावळची गाडी लांबून येते, मुशीच्या अंगात युरिया असतो आणि मासा जितका शिळा तितका त्याचा अमोनिया होऊन वास येतो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. या दोन ढिगांतली मुशी खरंच एक आहे का?

मी एक रत्नागिरीची घेतली. मावशींनी पोट चिरलं आणि हात थांबवला. आत पिल्लं होती. दोन्ही गर्भाशयांत मिळून अकरा, माझ्या करंगळीएवढी, डोळे उघडे, नाक आत्ताच फावड्यासारखं. प्रत्येकाची नाळ वेगळी, आणि नाळेवर मऊ केसाळ झालर, पाण्यात बुडवल्यावर फुलून येणारी. पुस्तकात ही आकृती मी शेकडो वेळा फळ्यावर काढली आहे, पण इतक्या ताज्या अवस्थेत कधी पाहिली नव्हती. या मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नाहीच, त्यामुळं पिल्लाचं सगळं पोषण वारेतून आईकडूनच होतं. मुश्यांमध्ये हिच्याइतकी पुढं गेलेली वार दुसरी नाही असं मानतात.

हे सगळं सांगायचं कारण असं. बांगडा अंडी पाण्यात सोडतो, ती आणि त्यातली पिल्लं प्रवाहाबरोबर कुठल्या कुठं जातात. मुशीचं तसं नाही. ती तयार पिल्लू जन्माला घालते, तेही किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात. वाहून जाण्याचा टप्पाच तिच्या आयुष्यात नाही. म्हणजे एका भागातली मुशी दुसऱ्या भागात पोचायची तर ती स्वतः पोहत गेली तरच. हातभर लांबीची, चिखलाच्या तळाशी कोळंबी आणि बारीक मासे खाऊन राहणारी मुशी किती लांब जात असेल?

शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या. २०१० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पश्चिम प्रशांत महासागरातली स्कोलिओडॉन ही आपल्या जातीची नाहीच. तिला ब्लीकर यांनी १८५२ मध्ये दिलेलं आणि नंतर बाजूला पडलेलं नाव परत मिळालं, स्कोलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकोस. मग २०२२ मध्ये मलेशिया आणि बंगालच्या उपसागराच्या पूर्व बाजूचे नमुने तपासले. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जाघरांच्या डीएनएवरून तीन जाती असाव्यात असं दिसलं. केंद्रकातल्या डीएनएनं ते अर्धंच मान्य केलं. शरीराची मापं, दात, मणके, सगळं एकमेकांत मिसळलेलं. शेवटी त्यांनी जाती दोनच ठेवल्या आणि मलाक्काची सामुद्रधुनी ही दोघींमधली वेस मानली. बाकीचा फरक अंतरामुळं हळूहळू पडलेला.

आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर काय आहे? जाणकारांनी लिहावं.

सातपाटीकर
रविवार, रात्री १०.२५

ताई, मी मूळचा पालघरकडचा, आता पिंपरीला असतो. घरची बोट होती, भावाची अजून आहे.

डोलीत (खुंटाला बांधायचं जाळं) मुशी येतेच. मोठी मुशी वेगळी, कानमुशी वेगळी (जिचं डोकं हातोड्यासारखं असतं ती), आणि ही बारीक, रोजच्या कालवणाची. पिल्लं पोटात असलेल्या माद्या आम्ही वर्षभर बघतो, ठरावीक महिना असा काही दिसत नाही. ओहोटीला खाडीच्या तोंडाशीसुद्धा सापडतात.

पण एक विचारतो. समुद्रात कुंपण कुठं आहे? मासा पोहतो. आमच्या बोटी पार गुजरातच्या जाफराबादसमोर जातात, मग मुशी का जाणार नाही?

पेशीपुराण
सोमवार, सकाळी ७.१०

रानजाईताई, छान धागा. मी पाषाणजवळच्या एका प्रयोगशाळेत डीएनए वाचण्याचं काम करतो. माझे नमुने भाताचे असतात, माशांचे नाहीत, पण हिशेब तोच.

सातपाटीकरदादांचा प्रश्न नेमका आहे, आणि त्याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातला आई-बापाकडून निम्मा निम्मा येतो. मायटोकाँड्रियातला फक्त आईकडून. मुलाला तो मिळतो, पण त्याच्याकडून पुढं जात नाही. लेक, नात, पणती असाच चालतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना त्याला माहेरचा शिक्का म्हणतो.

आता समजा, माद्या जिथं जन्मल्या तिथंच व्यायला येतात आणि नर मात्र कुठंही भटकतात. मग काय दिसेल? माहेरचा शिक्का प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा, आणि केंद्रकातला डीएनए सगळीकडं मिसळलेला. २००१ साली ग्रेट व्हाइट शार्कमध्ये नेमकं हेच सापडलं. दक्षिण आफ्रिकेची जनावरं आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची जनावरं यांचे शिक्के स्पष्ट वेगळे, केंद्रकातल्या खुणांत मात्र फरक नाही. निष्कर्ष निघाला: बायका घर धरून, पुरुष समुद्रापार.

माद्या खरंच माहेरी येतात याचा सगळ्यात सुंदर पुरावा लेमन शार्कचा आहे. बहामामधल्या बिमिनी बेटांपाशी तिथल्या उथळ खाजणात जन्मलेल्या पिल्लांचे नमुने शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं घेत राहिले. १९९३ ते १९९७ मध्ये तिथं जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी त्याच जागी येऊन व्यायल्या. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, इथं तर दर बाळंतपणाला.

म्हणून दादा, कुंपण पाण्यात नसतं, जनावराच्या सवयीत असतं.

गणितवेडा
सोमवार, दुपारी १.०५

जरा थांबा. "केंद्रकात फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ मध्ये खुणा किती तपासल्या असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आज लाखो जागा वाचता येतात. आणि मायटोकाँड्रिया म्हणजे कितीही लांब असला तरी एकच साखळी, एकच साक्षीदार. एका साक्षीदाराच्या जबानीवर इतकी मोठी गोष्ट उभी करणं मला पटत नाही.

रानजाई
सोमवार, रात्री ८.५०

गणितवेडा, तुमची शंका रास्त निघाली. मी आज सकाळपासून हेच वाचते आहे.

पहिला धक्का २००५ मध्येच बसला होता. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका ग्रेट व्हाइट मादीला उपग्रहाशी जोडलेली खूणचिठ्ठी लावली. ती ९९ दिवसांत सुमारे ११,००० किलोमीटर पोहून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला गेली. पुढं खूण लावल्यापासून नऊ महिन्यांच्या आत ती पुन्हा दक्षिण आफ्रिकेत दिसली, पाठीवरच्या पराच्या खाचांवरून ओळखली. आणि ही मादी होती! घर धरून बसणारी म्हटलेली.

अर्थात ती परत आली, हेही खरं. जाऊन आली म्हणजे तिकडं व्याली असं होत नाही. पुण्याहून अमेरिकेला जाऊन आलेली बाई तिथलीच होते असं थोडंच आहे.

मग २०२४ मध्ये जगभरच्या ग्रेट व्हाइटचा केंद्रकातला डीएनए पुष्कळ जास्त जागांवर तपासला गेला आणि तीन मोठे वंशगट समोर आले. उत्तर प्रशांतातला एक, दक्षिण प्रशांत-हिंदी महासागराचा एक, उत्तर अटलांटिक-भूमध्य समुद्राचा एक. तिघांत सरमिसळ जवळजवळ नाही. बर्म्युडाकडं एक मिश्र जनावर तेवढं सापडलं.

आणि २०२५ मध्ये दुसऱ्या एका गटानं नेमकी ही माहेरची गोष्टच तपासायला घेतली. मादी घरी परतते आणि नर भटकतो असं धरून संगणकावर पिढ्यान् पिढ्या चालवून पाहिल्या. मायटोकाँड्रियात आज जेवढा फरक दिसतो तेवढा त्यातून तयारच होईना. त्यांच्या हिशेबानं शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, ग्रेट व्हाइट फक्त हिंद-प्रशांत भागात, एकाच एकत्र गटात उरली होती. नंतर ती जगभर पसरली. मग माहेरचे शिक्के इतके वेगळे कसे झाले, याचं पटणारं उत्तर अजून कुणाकडं नाही. निसर्गनिवड असेल असं एक अनुमान, एवढंच. २०२४ च्या गटानं वंशगट वेगळे झाल्याचा काळ याच्या कितीतरी आधीचा, लाखभर वर्षं किंवा त्याहून मागचा धरला आहे. दोघांचं जुळत नाही.

मला हे वाचून वाईट नाही वाटलं, आनंद झाला. चोवीस वर्षं सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट, आणि कुणीतरी बसून ती मोजून पाहिली.

पेशीपुराण
सोमवार, रात्री ९.३०

बरोबर. मी वर ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आता माझ्या वर्गात बदलून सांगीन. लेमन शार्कचं मात्र जागेवर आहे, कारण तिथं त्या माद्या पिल्लं असतानाचे नमुने आणि पुढं त्यांच्या पोटी आलेल्या पिल्लांचे नमुने हातात आहेत, ते ताडूनच आई ओळखली. ग्रेट व्हाइटमधली मादी माहेरी येतच नाही असंही कुणी म्हटलेलं नाही. ती येत असली तरी तेवढ्यानं हा फरक पडत नाही, एवढंच सिद्ध झालं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुश्यांचं घड्याळ सावकाश चालतं. १९९२ मध्येच दाखवलं गेलं की त्यांच्या मायटोकाँड्रियातले बदल सस्तन प्राण्यांच्या मानानं सात-आठ पट संथ होतात. त्यामुळं दोन गट काही हजार वर्षं एकमेकांना भेटले नसले तरी डीएनए सारखाच दिसू शकतो.

रानजाई
सोमवार, रात्री ११.१५

पेशीपुराण, तुमच्या या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडवली. बघा, हे जुळतंय का.

वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मलाक्का, सुमात्रा, जावा, बोर्निओ हा सगळा भाग एकसंध जमीन होता. हिंदी महासागरातली किनाऱ्यालगतची मुशी आणि दक्षिण चिनी समुद्रातली मुशी यांच्या मध्ये ही जमीन आडवी. मलाक्काला वेस का पडली ते यातून कळतं.

आता आपल्याकडं या. मुंबईसमोरचा समुद्रतळाचा उथळ मंच तीनेकशे किलोमीटर रुंद आहे, केरळकडं जाताना तो चिंचोळा होत जातो. पाणी १२० मीटर उतरलं तेव्हा आज जिथं ट्रॉलर फिरतात तो जवळजवळ सगळा मंच कोरडा होता. उथळ चिखलात राहणारी आपली मुशी तेव्हा त्या मंचाच्या पार कडेला, अरुंद पट्टीत दाटीवाटीनं राहत असणार. पाणी जसजसं चढलं तसतशी ती आत आत येत आजच्या जागी पोचली. म्हणजे वेरावळ काय, सातपाटी काय, रत्नागिरी काय, इथल्या मुशीची वस्ती तशी अलीकडची आणि बहुधा एकाच मुळातली. वर घड्याळ संथ. त्यामुळं उद्या कुणी वेरावळची आणि रत्नागिरीची मुशी तपासली आणि "फरक नाही" म्हटलं, तर त्याचा अर्थ दोन्हीकडच्या मुश्या आज एकमेकींत मिसळतात असा होणार नाही. आजी एक असेल. घरं कधीच वेगळी झालेली असतील.

पेशीपुराण
मंगळवार, सकाळी ६.५५

अगदी. आणि याला एक जोडगोष्ट आहे, ती मासेमारीच्या बाजूनं जास्त महत्त्वाची वाटते.

हिशेबानं असं दिसतं की पिढीमागं एखाद-दुसरं जनावर जरी बाहेरून येऊन व्यालं, तरी दोन गटांच्या डीएनएत मोठा फरक साचत नाही. एखाद-दुसरं! समजा रत्नागिरीसमोरची मुशी सगळी ओढून काढली. डीएनएच्या हिशेबात ती आणि वेरावळची एकच. पण पिढीला दोन जनावरं तिकडून आली तर रत्नागिरीचा साठा भरून यायला किती वर्षं लागतील?

म्हणून डीएनएत फरक दिसला तर गट वेगळे हे नक्की. फरक नाही दिसला तर गट एक, असं मात्र म्हणता येत नाही. कागदावर "एकच साठा" असं लिहिलं जातं तेव्हा ही गल्लत फार सहज होते.

सातपाटीकर
मंगळवार, दुपारी ३.४०

हे वाचून माझे बाबा आठवले. ते म्हणायचे, एका खाडीची मुशी संपली की त्या खाडीची संपली, शेजारची येत नाही. आम्हाला वाटायचं जुन्या माणसाचं बोलणं. त्यांच्या हयातीत आमच्या खाडीच्या तोंडाशी पोरं गळानं मुशी काढायची, आता तिथं मिळत नाही. बाहेर मिळते.

मीठभाकर
मंगळवार, सायंकाळी ५.२०

मी यातली जाणकार नाही, सदाशिव पेठेत वाढले आणि लग्न होऊन मालवणकडच्या घरात गेले. आमच्याकडं मुशीला मोरी म्हणतात. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी दूध यावं म्हणून मोरी खाऊ घातली. उकळतं पाणी ओतून सुरीनं कातडी खरवडायची, ती वाळूसारखी खरखरीत असते, मग हळद-मीठ लावून दोनतीन पाण्यांनी धुवायची, कोकम घालायचं. वास येत नाही.

रानजाईताईंनी त्या अकरा पिल्लांचं लिहिलं ते वाचून मात्र मन खाली बसलं. बाळंतिणीला जे खाऊ घालतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या गरोदर जिवाचं असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पोटुशी मुशी सोडून देता येत नाही का?

सातपाटीकर
मंगळवार, रात्री ८.००

वहिनी, डोल पाण्यातून वर येते तोवर मुशी बहुतेक मेलेली असते. ट्रॉलरच्या जाळ्यात तर दाबानंच जाते. मोठी कानमुशी काही तांडेल (बोटीचे प्रमुख) सोडतात, जिवंत असेल तर. बारीक मुशीला तेवढा वेळ मिळत नाही. आणि खरं सांगतो, फार लहान पिल्लं निघाली तर ती कुणी खात नाही, खताला आणि माशांच्या भुकटीला जातात. ते बघवत नाही.

कासवछाप
मंगळवार, रात्री ९.१५

कानमुशीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, डीएनएमधला हा प्रादेशिक फरक नुसता प्रयोगशाळेत राहत नाही. हाँगकाँगच्या बाजारात सुकवलेले पर येतात, त्यावर कुठल्या समुद्राचे हे लिहिलेलं नसतं. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या बाजारातले स्कॅलप्ड हॅमरहेड या जातीच्या कानमुशीचे ६२ पर घेतले, त्यांचा माहेरचा शिक्का वाचला आणि जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. सुमारे २१ टक्के पर पश्चिम अटलांटिकमधले निघाले. समुद्रागणिक शिक्का वेगळा असल्यामुळंच हे जमलं. पुढं २०१४ मध्ये अमेरिकेनं त्याच जातीचे जगभरचे सहा गट वेगळे धरून त्यांतल्या चार गटांना संकटग्रस्तांच्या यादीत घातलं. सगळ्या जातीला एकच मापदंड लावला नाही.

आणि याच जातीचा डीएनए अमेरिकेच्या कॅरोलायना किनाऱ्यावर तपासताना काही जनावरं सारखी बाजूला पडायला लागली. बाहेरून हुबेहूब, आत मणके कमी. २०१३ मध्ये तिला वेगळी जात म्हणून नाव मिळालं.

आपल्याकडं २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली. २०२२ मध्ये पनामाला झालेल्या साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत आपल्या या बारीक मुशीचं अख्खं कूळ, कार्कार्हिनिडे, परिशिष्ट दोनमध्ये गेलं. त्यामुळं मुशीचा तुकडा तपासायला परदेशी पाठवायचा म्हटला तरी परवाना लागेल. इथंच वाचून घेतलेलं बरं.

रानजाई
बुधवार, रात्री १०.३०

कासवछाप, परांची गोष्ट फार मोलाची.

एक दुखरी गोष्ट लिहिते, नाव घेणार नाही. विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करा असं २०११ मध्ये यूजीसीनं सांगितलं, ते योग्यच होतं, मी त्याच्या बाजूची होते. पण त्यानंतर मी ज्या कॉलेजात होते तिथल्या प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या बरण्या एका सुट्टीत भंगारात गेल्या. त्यात पंचवीस-तीस मुश्या होत्या. चिठ्ठीवर शाईनं गाव आणि तारीख लिहिलेली, हर्णै, मुरूड, मालवण, माझ्या गुरूंच्या वळणदार अक्षरात. फॉर्मॅलिनमधला डीएनए वाचणं अवघड, पण मणके मोजता आले असते, दात बघता आले असते. पन्नास वर्षांपूर्वीची हर्णैची मुशी कशी होती हे सांगणारं ते एवढंच उरलं होतं. मी सुट्टीवरून परत आले तेव्हा कपाट धुऊन त्यात छापील कागदांचे गठ्ठे रचले होते. तुमच्यापैकी कुणाच्या कॉलेजात अशा बरण्या असतील तर कृपा करून टाकू देऊ नका. प्राणिसर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे, आधी तिथं विचारा.

आता पुढचं. माझ्या दोन विद्यार्थिनी नमुने गोळा करायला तयार आहेत. पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा, शुद्ध अल्कोहोलमध्ये. पेशीपुराण, काय काळजी घ्यायची?

पेशीपुराण
गुरुवार, सकाळी ७.२०

पहिली गोष्ट, पिल्लं मोजू नका. त्या अकराही पिल्लांचा माहेरचा शिक्का आईचाच. अकरा नमुने घेतले म्हणून अकरा साक्षीदार होत नाहीत, एकच होतो. आईचा तुकडा घ्या. पिल्लांचे हवे तर वेगळ्या कुपीत ठेवा, कारण त्यांच्या केंद्रकातल्या डीएनएवरून बाप एक की अनेक ते कळेल. लेमन शार्कमध्ये एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे निघाले आहेत.

दुसरी, एकाच दिवशी एकाच ढिगातून चाळीस घेऊ नका. एका जाळ्यात बहिणी-बहिणी सापडू शकतात. थोडे थोडे, वेगवेगळ्या महिन्यांत.

तिसरी, नर-मादी नक्की लिहा. नराच्या पोटाखालच्या परांना दोन नळ्यांसारखे अवयव असतात, बघताक्षणी कळतं. आपण मघापासून ज्यावर बोलतोय तो सगळा प्रश्नच नर-मादीचा आहे.

गणितवेडा, किती नमुने लागतील ते तुम्ही बघाल का?

गणितवेडा
गुरुवार, सकाळी ९.४५

बघतो. आनंदानं. वाचायच्या जागा जितक्या जास्त, तितके जनावरांचे नमुने कमी चालतात, पण माहेरच्या शिक्क्यासाठी तशी सवलत नाही, तिथं डोकी मोजावीच लागतील. आकडा काढून इथंच टाकीन.

सातपाटीकर
गुरुवार, दुपारी २.१५

यात एक अडचण आहे ती सांगतो. पुण्याच्या बाजारातली "रत्नागिरीची" म्हणजे रत्नागिरीच्या बंदरात उतरलेली. पकडली कुठं, ते बंदर सांगत नाही. मी वर लिहिलं ना, आमच्याच बोटी जाफराबादसमोर ओढतात आणि माल आमच्या बंदरात आणतात. मावशींच्या दोन ढिगांतली मुशी एकाच पाण्यातली असू शकते आणि एका ढिगातली दोन पाण्यांतली. डोलीची घेतली तर बरं. डोल खुंटाला बांधलेली असते, जागा हलत नाही. भावाला मी बोललो आहे. तो डोलीची मुशी बाजूला ठेवून तारीख आणि किती वाव पाणी (म्हणजे खोली) ते वहीत लिहील. अल्कोहोलच्या कुप्या तेवढ्या पाठवा.

रानजाई
गुरुवार, रात्री ९.०५

दादा, हे मला सुचलंच नसतं. कुप्या शनिवारी पाठवते, सोबत पेन्सिली पण, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. वहीत जाळ्याच्या खुंटाची जागा लिहायला सांगा, गावाचं नाव नको.

आज संध्याकाळी पावसात पुन्हा गणेश पेठेत जाऊन आले. मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पोटातली पिल्लं पण हवीत का. मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, "मग शनिवारी पहाटे ये. पेटी उघडायच्या आधी ये. चिरल्यावर मी ती लगेच टाकून देते, मला बघवत नाही."

मीठभाकर
गुरुवार, रात्री ९.३०

रानजाईताई, मी येऊ का सोबत? चिठ्ठ्या लिहायला.

रानजाई
गुरुवार, रात्री ९.३२

या. पावणेसहाला, बाजाराच्या दारात.